बी-फ्लॅट म्हणून ई-फ्लॅटचा व्हॉल्व्ह-संच पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुनी वाद्ये व सुटे भाग विभाग

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी ट्युबासाठी, म्हणजे बँडमधल्या सगळ्यांत खालच्या सुरांच्या पितळी वाद्यासाठी (आम्ही त्याला बासही म्हणतो), तीन पिस्टनांचा, म्हणजे बोटांनी दाबायच्या दट्ट्यांचा, व्हॉल्व्ह-संच मागवला होता. वर्णनात स्पष्ट लिहिलं होतं : बी-फ्लॅट बास, तपासलेला, वाजवण्याजोगा. हातात पडला तो ई-फ्लॅटचा, म्हणजे आखूड नळीच्या, वरच्या पट्टीच्या ट्युबाचा. ‘जुन्या वाद्यात थोडाफार फरक असायचाच’ एवढं कळवून तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार बंद करून टाकली. थोडाफार म्हणजे किती, ते आता मापासकट लिहितो.

मी डिचोलीत बँडवाल्यांची पितळी वाद्यं दुरुस्त करतो. फेस्ताची फेरी असो, वरात असो की शिगम्याची मिरवणूक, खाली बास नसला की बँड पोकळ वाजतो. नवा ट्युबा घ्यायचा तर गोष्ट लाखांत जाते. म्हणून जुन्यातूनच एक उभा करतोय. कर्णा आणि मोठी वळणं मोडीत निघालेल्या एका बी-फ्लॅट बासची आहेत. त्याचे व्हॉल्व्ह हिरवे पडून कायमचे अडकले होते. मधली नळी आणि तोंडाकडची नळी एका चेपलेल्या सूझाफोनची, म्हणजे अंगाभोवती घालून वाजवायच्या बासची. पोचे काढून झालेत, वळणं जुळवून तारेने बांधून ठेवलीत. डाख द्यायचा राहिलाय तो तुमच्या संचापायी.

बी-फ्लॅट ट्युबाची नळी उलगडली तर सुमारे 18 फूट भरते, म्हणजे साडेपाच मीटर. पहिला व्हॉल्व्ह दाबला की हवा त्याच्या जोडवळणातूनही फिरते आणि सूर सा वरून कोमल नी वर यायला हवा. त्यासाठी लांबीत साधारण 12 टक्के भर पडावी लागते, म्हणजे 67 सेंटीमीटरच्या आसपास. तुमच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या वळणात दोरा घालून मापला, तो 49 भरला. दुसऱ्याला अर्ध्या स्वरासाठी 33 हवेत, आहेत 24. 13 फुटी ई-फ्लॅटला ही मापं चपखल बसतील. माझ्याकडे संच तात्पुरता चिकटपट्टीने जोडून वाजवला, तर पहिल्या व्हॉल्व्हवर सूर पाऊणच स्वर उतरतो. ना शुद्ध नी, ना कोमल नी, मधेच लोंबकळत राहतो.

तुमच्या माणसाने फोनवर सल्ला दिला, त्या वळणाची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, बाहेर ओढून घ्या. अहो, 18 सेंटीमीटर वाढवायचे तर दोन पायांची ती स्लाइड 9 सेंटीमीटर बाहेर यायला हवी, आणि तिचे पाय आहेतच जेमतेम 6 सेंटीमीटरचे. ती सरळ हातात येईल! मुख्य ट्यूनिंग स्लाइड ओढायचा दुसरा सल्ला त्याहून वरचढ. तिने अख्खं वाद्य खाली उतरतं, व्हॉल्व्हची चूक होती तिथेच राहते.

शिवाय तिसरा पिस्टन भलत्याच वाद्याचा आहे. त्यावरचा क्रमांक नळकांड्यावरच्या क्रमांकाशी जुळत नाही. पिस्टन आपापल्या नळकांड्यात घासून बसवलेला असतो. दुसरीकडे घातला तर एक तर अडकतो, नाही तर हवा सोडतो. हा सोडतो. व्हॉल्व्ह न दाबता स्लाइड थोडी ओढायची आणि मग दाबायचा, की ‘फट्’ असा आवाज यायला हवा. पहिल्या दोघांचा येतो, तिसरा गप्प. ही परीक्षा कोणीही दोन मिनिटांत करू शकतो, मग तुमच्याकडे ‘तपासलेला’ म्हणजे नेमकं काय तपासलं?

जाता जाता, तुमच्या त्याच पानावर ‘1780 सालचा पोर्तुगीजकालीन ट्युबा’ही विकायला आहे. ट्युबाचं पेटंट बर्लिनमध्ये 1835 साली झालं. तेवढं पान दुरुस्त करा, कोणीतरी दिवाणखान्यात मांडायला घेऊन फसेल.

माझी मागणी साधी आहे. वर्णनाबरहुकूम बी-फ्लॅटचा संच, तिन्ही पिस्टन आपापल्या नळकांड्यातले, पाठवा आणि हा तुमच्या खर्चाने घेऊन जा. तसा संच नसेल तर वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करा. त्याऐवजी देऊ केलेलं सवलतीचं कूपन मला नको. मी संचाला कुठेही डाख दिलेला नाही की कापलेलं नाही, त्याची छायाचित्रं, मापाची आणि दोन्ही क्रमांकांची छायाचित्रं सोबत जोडली आहेत.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तसं झालं नाही तर हेच कागद घेऊन मी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, तुमच्या शहरात खेटे घालायची गरज नाही.

आपला,
एक ग्राहक
डिचोली, गोवा