मरीच्या आजींना, माझ्याच भाषेत

आजी, साष्टांग नमस्कार.

पत्र तुझ्याच भाषेत लिही, असं तुम्ही निघताना दोनदा बजावलं होतंत, म्हणून मराठीत लिहिते आहे. काय लिहिलंय ते फोनवर वाचून सांगेनच. तुमचं नाव न घेता हे पत्र मी चारचौघांसमोर ठेवते आहे, कारण तुम्ही बाबांसाठी जे केलंत ते मला लोकांना सांगायचं आहे. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं तुमचं मरी गाव नेमकं कुठे आहे आणि ते कुणाच्या कष्टावर उभं राहिलं, हे आमच्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी आम्ही विल्यम क्रीककडून येत होतो. दोनशे किलोमीटरचा कच्चा रस्ता. बाबांना काटी थंडाचं, म्हणजे लेक आयरचं, मिठाचं सरोवर दाखवलं होतं आणि परत ॲडलेडला निघायचं होतं. वाटेत पाऊस आला. तिथली लाल माती भिजली की चाकाला कशी चिकटते, हे मला पहिल्यांदाच कळलं. पुढचे रस्ते बंद झाले होते, गावातल्या हॉटेलात खोली शिल्लक नव्हती, आणि बाबांच्या साखरेच्या गोळ्यांची पिशवी आदल्या मुक्कामी मीच विसरले होते. बाबा जुन्या स्टेशनाच्या फलाटावर चिखलाचे बूट काढून बसले होते. तुम्ही काठी टेकत आलात, आधी त्यांच्या पायांकडे पाहिलंत आणि मग मला विचारलंत, "जेवलात का?"

परक्या मुलखात पहिला प्रश्न हा. बाबांना इंग्रजी येत नाही, पण हा प्रश्न त्यांना भाषांतराविना कळला.

चार रात्री आम्ही तुमच्या घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाबांना फ्लाइंग डॉक्टरच्या, म्हणजे विमानानं गावोगाव जाणाऱ्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात नेलंत आणि गोळ्या मिळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिलात. पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही माझा हात बाजूला सारलात. त्या रात्री तव्यावर पोळी टाकताना तुम्ही तिला "चपाती" म्हणालात, तेव्हा बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. आजोबांच्या बोलीतले एवढेच शब्द घरात उरले, असं तुम्ही सांगितलंत. चपाती, पानी, आणि उंटाला खाली बसवताना म्हणायचं ते "हूश्टा".

तुमचे आजोबा कराचीहून आले. तिथून येणाऱ्यांची वाट तशी जुनीच होती. १८६६ साल उजाडताना थॉमस एल्डर नावाच्या इथल्या बड्या व्यापाऱ्यासाठी शंभराहून जास्त उंट आणि ३१ उंटवाले कराचीच्या बंदरातून पोर्ट ऑगस्टाला उतरले. पुढची पन्नास-साठ वर्षं माणसं येत राहिली. कुणी बलुची, कुणी पठाण, कुणी पंजाबी, पण इथल्या गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं, अफगाण. मला एवढंच सांगायचं होतं, आणि तेव्हा नीट सांगता आलं नाही, की कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. १९३६ पर्यंत होती. आमचे पणजोबा आणि तुमचे आजोबा एकाच इलाख्याची रयत. तुम्ही मला "परदेशी पोरगी" म्हणत होतात ना? तितकी मी परदेशी नव्हते.

बाबांना गावाचं नाव पहिल्यापासून भावलं. "मरी? म्हणजे मरीआईचं ठाणं असणार," असं म्हणून त्यांनी वेशीवरच हात जोडले होते. तुम्ही त्यांना जुनं नाव सांगितलंत, हरगॉट स्प्रिंग्ज. १८५९ साली जॉन मॅकडूअल स्टुअर्ट या शोधप्रवाशाच्या मोहिमेतल्या हरगॉट नावाच्या माणसाला इथला झरा दिसला, म्हणून ते नाव. पहिल्या महायुद्धात जर्मन वळणाची नावं नकाशावरून पुसली गेली, त्यात तेही गेलं. पण तुम्ही लगेच म्हणालात की झरा काही हरगॉटमुळे वाहायला लागला नाही, आणि ते मला फार आवडलं. जमिनीखालच्या अफाट साठ्यातलं पाणी त्या पट्ट्यात जागोजागी वर येतं. इथले मूळचे अरबाना आदिवासी हजारो वर्षं त्या झऱ्यांच्या माळेवरून ये-जा करत होते. त्यांच्या मागून स्टुअर्ट गेले, त्यांच्या वाटेनं १८७२ साली तारायंत्राची ओळ उभी राहिली, आणि त्या ओळीच्या अंगानं रूळ आले. काटी थंडा आणि भोवतालच्या मुलखावरचा अरबानांचा हक्क न्यायालयानं मान्य केला तो २०१२ साली. बाबा माणदेशातले. विहिरीचा तळ बघत मोठे झालेले. पाण्याच्या मागं वाट जाते हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

१८८४ मध्ये रेल्वे मरीला पोचली आणि गाव भरभराटीला आलं. गाडी माल आणून टाकायची आणि तिथून पुढं उंट. पीठ, साखर, तारा, पत्रे, पियानोसुद्धा. येताना लोकरीचे गठ्ठे. दांडगा उंट सहाशे किलोपर्यंत ओझं उचलायचा. बर्ड्सव्हिलपर्यंतची पाचशेहून जास्त किलोमीटरची वाट या तांड्यांनीच तुडवली. पुढं तीच आगगाडी 'घान' म्हणून प्रसिद्ध झाली. ते नाव उंटवाल्यांवरून पडलं असं सगळे सांगतात.

तुम्ही आम्हाला रूळ ओलांडून पलीकडे नेलंत ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काठीनं एक रेघ मारल्यासारखं करून दाखवलंत. इकडे हॉटेल, दुकानं, गोऱ्यांची घरं. तिकडे घानटाऊन, उंटवाल्यांची आणि आदिवासींची. मी बाबांना मराठीत सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गावकुसाबाहेरची वस्ती म्हण की." तुम्ही अर्थ विचारलात तेव्हा माझी जीभ अडखळली, कारण तो शब्द सांगायचा तर आमच्याकडचंही बरंच काही सांगावं लागतं. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत. स्मशानातही गोरे, अफगाण आणि आदिवासी वेगवेगळे झोपलेत हे तुम्ही मग दाखवलंत. अफगाणांच्या थडग्यांची दिशा निराळी, काबेच्या हिशोबानं.

या माणसांना कायद्यानं इथलं होऊ दिलं नाही. बायकांना आणता येत नव्हतं, नागरिकत्व मिळत नव्हतं. बऱ्याच जणांनी इथल्याच आदिवासी किंवा गोऱ्या बायकांशी संसार मांडले. तुमच्या घरात तिन्ही रक्तं आहेत हे तुम्ही किती सहज सांगितलंत. बेजा दरवेश यांच्याबद्दल बोलताना मात्र तुमचा आवाज चढला होता. बलुचिस्तानातून आलेला माणूस, १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत वाळवंटात उंट सांभाळले, आणि मोहिमेच्या प्रमुखानं, वेल्स यांनी, स्वतःचं होकायंत्र त्यांना भेट दिलं. म्हातारपणी ते मरीला खजूर लावून राहिले. १९३९ साली सिम्प्सन वाळवंट ओलांडणाऱ्या मॅडिगन यांच्या मोहिमेत त्यांचा मुलगा जॅक उंटांबरोबर होता. शाळेत तुम्हाला वेल्स आणि मॅडिगन शिकवले, बेजा कुणी शिकवले नाहीत, असं तुम्ही म्हणालात. म्हणून मी इथं ते नाव मुद्दाम लिहिते आहे.

मग ट्रक आले. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यामुळे स्टेशनाजवळचे गंजलेले ट्रक पाहून त्यांना राहवलं नाही. टॉम क्रूझ नावाचे इथले ट्रकचालक १९३६ पासून बर्ड्सव्हिल ट्रॅकवर टपाल न्यायचे, वाळूच्या टेकाडांवरून लोखंडी पत्रे अंथरत गाडी पुढं काढायचे, हे तुम्ही सांगत होतात आणि बाबा नुसते मान हलवत होते. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. १९५७ नंतर रुंद रूळ मरीपर्यंत आले आणि पुढं अरुंद, म्हणून इथं गाडी बदलावी लागायची, हे ऐकून त्यांना कुर्डुवाडी आठवली. तिथं उतरून छोट्या गाडीनं पंढरपूरला जायचे ते. १९८० साली घानची वाट लांब पश्चिमेला गेली, १९८७ मध्ये मरीला येणारी शेवटची गाडीही बंद झाली. तुम्ही फलाटाकडे बघून एवढंच म्हणालात, "त्यानंतर पोरं गेली."

ट्रक आल्यावर उंटांचं काय झालं, हे तुम्ही तिसऱ्या रात्री सांगितलंत. १९२५ मध्ये कायदा झाला आणि परवान्याचा पट्टा नसलेला उंट गोळी घालून मारायची मुभा मिळाली. आजोबांनी आपले उंट मारले नाहीत. रात्री वाळवंटात नेऊन सोडले आणि पायी परत आले. मग तुम्ही बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडलात. आत बोटाएवढी लाकडाची खुंटी होती, एका टोकाला बोंड, मधे हातानं झिजून गुळगुळीत झालेली. मला काही कळेना. बाबांनी ती उचलली, स्वतःच्या नाकपुडीशी धरली आणि म्हणाले, "वेसण!" आमच्याकडे बैलाच्या नाकात दोरी ओवतात, तुमच्याकडे उंटाला खुंटी. तुम्ही तीनदा म्हणून पाहिलंत, वेसन, वेसन, आणि तिसऱ्यांदा 'ण' बरोबर आला. खुंटीला बांधलेली सुतळी इतकी बारीक का, असं मी विचारलं. तुम्ही सांगायच्या आधीच बाबांनी हातानं झटका देऊन दाखवलं. जनावर बुजलं तर दोरी तुटली पाहिजे, नाक फाटता कामा नये. तुम्ही दोघं एकमेकांची भाषा न कळता त्यावर केवढा वेळ बोलत होतात!

त्याच डब्यात पत्रं होती. तुम्ही ती माझ्यासमोर ठेवलीत, उलटसुलट करून, आशेनं. उर्दूत होती. आजोबा गेल्यावर घरात ती लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, आणि आम्ही तिकडचीच माणसं म्हणून तुम्हाला वाटलं, हिला येत असेल. मला मान हलवावी लागली. तुम्ही काही न बोलता घडी घातलीत. आजी, तुमच्या घरचं चार दिवस खाऊन एवढंही देता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं. तुम्ही एका पत्राचा फोटो काढू दिलात. इथं माझ्याबरोबर कामाला एक ताई आहेत, मूळच्या कराचीच्या. त्यांनी ते वाचलं. तुमच्या आजोबांच्या भावाचं पत्र आहे. आईच्या डोळ्यांना आता दिसत नाही, पण दारात पाऊल वाजलं की तुझं नाव घेते. विहिरीला पाणी लागलं आहे. उंट विकून टाक आणि ये. खाली लिहिलंय, उत्तर लवकर दे.

हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, बाकीचीही वाचून घे. ताईंना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, फोटोवरून नको, मीच येते. थंडीत रस्ते कोरडे असतील तेव्हा आम्ही दोघी येऊ.

बाबा गावी परतले आहेत. साखर ठीक आहे. पारावर बसून ते तुमच्याबद्दल सांगतात आणि प्रत्येक वेळी चपातीपासून सुरुवात करतात. त्यांनी घरी सूत वळून एक नवी वेसण केली आणि माझ्याकडे धाडली. गेल्या सोमवारी मी ती टपालानं तुमच्याकडे पाठवली. पोचली की खुंटीशेजारी डब्यात ठेवा. गाठ हलकीच मारली आहे, झटका बसला की सुटेल. आजींना तसं सांग, असं बाबांनी आठवणीनं कळवलं आहे.

तुमची,
परदेशी पोरगी