एक खडा, आठ माणसं

प्रिय बाळ्या,

तू वकील, म्हणून ही केस तुलाच सांगतो. जुनी आहे, इ.स.पू. ४०६ची, अथेन्समधली.

स्पार्टाशी युद्ध लागून २५ वर्षं झालेली, तिजोरीत खडखडाट. त्यात अथेन्सचा सेनापती कोनॉन जहाजांसकट लेस्बॉस बेटावरच्या मितिलीनीच्या बंदरात कोंडला गेला. त्याला सोडवायला अथेन्सने ३० दिवसांत ११० जहाजं उभी केली. वल्ही मारायला माणसं पुरेनात, तर गुलामांनाही चढवलं. आणि आर्गिनुसाई बेटांपाशी चक्क जिंकले! स्पार्टाची ७० च्या आसपास जहाजं गेली, अथेन्सची २५. पण वादळ उठलं, आणि फुटक्या जहाजांना धरून राहिलेल्या आपल्याच माणसांना उचलता आलं नाही.

आता तुझं क्षेत्र. जिंकलेल्या आठ सेनापतींवरच खटला. दोघं शहाणे, परतलेच नाहीत. आरोप करण्यात पुढे कोण, तर थेरामेनिस; बुडणाऱ्यांना वाचवायचं काम ज्याच्याकडे दिलं होतं तोच! मधे भावकी जमायचा सण आला. काळे कपडे घातलेले, डोकी भादरलेले लोक सभेत आले. एक जण उठून म्हणाला, मी पिठाच्या पिंपाला धरून वाचलो; बुडणाऱ्यांनी मला निरोप दिलाय, सेनापतींनी आम्हाला सोडलं म्हणून सांग. झालं, सभा पेटली.

मतदान असं: नागरिकांच्या प्रत्येक जमातीसाठी दोन रांजण. दोषी म्हणायचं तर खडा पहिल्यात, नाहीतर दुसऱ्यात. एकच खडा, आठही जणांसाठी! प्रत्येकाची सुनावणी वेगळी घ्या, असं सेनापतींची बाजू घेणारा युरिप्टोलेमस परोपरीने सांगत होता. लोक ओरडले, जनतेला हवं ते करू देत नाही म्हणजे काय? (आमच्या सोसायटीच्या सभेत हेच वाक्य पार्किंगवरून ऐकलंय.) सभेच्या अध्यक्षमंडळातले बाकीचे घाबरून गप्प बसले. एकटा सॉक्रेटिस म्हणाला, बेकायदा आहे, मी नाही करणार.

सहा जण मारले. त्यांत एक अथेन्सचा थोर पुढारी पेरिक्लिस याचा मुलगा, बापाच्याच नावाचा. आई अस्पासिया परकी, म्हणून बापाने स्वतःच केलेल्या कायद्याने तो नागरिक ठरत नव्हता. प्लेगमध्ये दोन्ही औरस मुलं गेल्यावर म्हाताऱ्याने लोकांना विनवून या पोराला नागरिकत्व मिळवून दिलं. नागरिक झाला, म्हणूनच सेनापती झाला. बाळ्या, इथे मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो.

नाटककार युरिपिडीसही त्याच सुमारास मॅसिडोनियात वारला. नव्वदीच्या सोफोक्लीसने, तोही नाटककारच, त्याच्यासाठी शोकाचे कपडे घातले. ते सविस्तर भेटीत.

लोकांना नंतर पश्चात्ताप झाला म्हणे. एका मतात सगळ्यांचा निकाल लावायचा ठराव ज्याने मांडला तो कॅलिझेनस पळाला, पुढे परतला, पण कुणी जवळ करेना. उपाशी मेला. तुझ्या कोर्टात त्याच्यावर कलम कुठलं लागलं असतं, ते कळव.

तुझा,
अण्णा