कट्ट्यावर राहिलेले रोप

लातूर,
9 फेब्रुवारी 2025

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले आणि एकदाही मी निवांत बोलले नाही, याचा तुला राग आला असेल तर तो रास्तच आहे. आजही फोनच करणार होते, परंतु फोनवर तू मध्येच दुसरे काहीतरी काढतेस आणि मूळ गोष्ट राहून जाते, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून कागद घेऊन बसले. माझे गुडघे तसेच आहेत, यांची साखर आटोक्यात आहे, बाकी सर्व ठीक.

गेल्या रविवारी, रथसप्तमीच्या दोन दिवस आधी, हुरडा आणि हळदीकुंकू एकत्रच केले. तू या बागेची पहिली विटकर रचलेली पाहिली आहेस, म्हणून तुला आधी बाग सांगते आणि मग माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगते. कुंपणालगत शेवंती अशी फुलली होती की पाने दिसत नव्हती. हौदाच्या बाजूच्या वाफ्यात कास्तीची कोथिंबीर केली आहे. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून जो तो तिचे नाव घेतो, परंतु खरी ओळख वासावरूनच पटते. वाफ्याजवळून नुसता पदर घासत गेला तरी घरात येईपर्यंत वास पदराला राहतो. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल होऊन मुळे गुदमरवते, म्हणून दरवर्षी तिच्यात शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळत गेले आणि वरून सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटांचा थर दिला. आता ती माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावले तर मोकळी सुटते. ही माती मी पाहुण्यांच्या हातात देऊन दाखवली.

औशाच्या दाजींनी ज्वारीची कणसे पहाटे तोडून आणली होती. मागच्या कोपऱ्यात आगटी केली, गोवऱ्यांचा विस्तव पडला आणि दाजी स्वतः कणसे भाजून, तळहातावर चोळून, फुंकर घालून कोवळा हिरवा हुरडा प्रत्येकाच्या पुढ्यात टाकत होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. आमच्या अण्णांनी आगटीशेजारी जी खुर्ची टाकली ती संध्याकाळपर्यंत हलली नाही, आणि उठताना त्यांनी दाजींना विचारले की रात्रीसाठी किती कणसे राखून ठेवली आहेत. एकूण चाळीस-बेचाळीस माणसे आली. तू नव्हतीस, हे मला दिवसभर जाणवत होते.

आता गोडलिंबाकडे येते. ते झाड आता गच्चीच्या कठड्याला लागले आहे. गेल्या जुलैत त्याची काळी-जांभळी फळे पिकली, तेव्हा बिया वाळू न देता, गर धुऊन त्याच दिवशी पिशव्यांत लावल्या, कारण गोडलिंबाचे बी ठेवले की उगवण जाते. पन्नासेक रोपे तयार झाली. थंडीत ती वाढत नाहीत, वीतभरच आहेत, परंतु पाने तकतकीत आहेत. यंदा वाण म्हणून स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकचा डबा न देता हीच रोपे द्यायची, असे मी ठरवले होते. बायकांना फार आवडले. कोणी विचारले, एवढे दाट झाड कसे झाले, आणि मी आंबट ताकाचे सांगितले, शेंडे खुडण्याचे सांगितले, गच्चीच्या पाण्याचा हिशोबही सांगितला: एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आपली गच्ची नव्वद चौरस मीटर, पाऊस सातशे मिलीमीटर धरला तर त्रेसष्ट हजार लिटर, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तरी पन्नास हजार लिटर, दहा हजारांचा हौद भरतो आणि उरलेले बोअरच्या शोषखड्ड्यात जाते. मी हे सर्व मोठ्या अभिमानाने सांगत होते आणि समोरच्या घरातल्या मावशी दोन पावलांवर उभ्या राहून ऐकत होत्या.

तुला कळले असेल मी कुठे येते आहे ते.

2016 च्या त्या उन्हाळ्यात मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. मात्र आपल्या गल्लीला पाणी येईल ते टँकरनेच. एके दिवशी आपला नंबर येण्याआधीच टँकरवाल्याने पाइप गुंडाळला आणि मावशींनी, ज्यांच्या घरी तेव्हा अंथरुणाला खिळलेले माणूस होते, आपल्या दोन घागरींपैकी एक माझ्या दारात आणून ठेवली. त्या घागरीतले अर्धे पाणी मी त्याच संध्याकाळी गोडलिंबाला घातले. झाड लावून वर्षच झाले होते आणि पाने गळून नुसती काडी उरली होती. तू ते पाहिलेस. "माणसे रांगेत उभी आहेत आणि तू काडीला पाणी घालतेस?" असे म्हणालीस आणि त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मीही तुला नको ते बोलले होते, तुझ्या माहेरच्या विहिरीवरून बोलले होते, ते मला अजून आठवते. सप्टेंबरअखेर पाऊस कोसळला तेव्हा आपण दोघी गच्चीवर भिजलो आणि भांडण तिथेच धुऊन गेले, परंतु त्या घागरीचा विषय आपण पुन्हा कधी काढला नाही.

रविवारी मावशींनी एवढेच विचारले, "हे झाड त्याच दुष्काळातलं ना गं?" मी "हो" म्हणाले आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. चाळीस माणसांसमोर ताक सांगितले, खत सांगितले, त्रेसष्ट हजार लिटर सांगितले, आणि ज्या अर्ध्या घागरीवर ते झाड जगले, तिचे नाव घेतले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकायला गेले तर कट्ट्याच्या कडेला एक रोप ठेवलेले होते. पिशवी सरळ उभी, टेकायला मागे खडा लावलेला, म्हणजे कोणीतरी काळजीने ठेवले होते. मोजून दिलेली रोपे कोणाकोणाकडे गेली ते मला पाठ आहे, म्हणून ते मावशींचेच हे लगेच कळले. तिळगूळ नेला होता, रोप नेले नव्हते.

हे म्हणाले की विसरल्या असतील, वय झाले. सूनबाई म्हणाली की त्यांच्या दारात कुंडी ठेवायलाही जागा नाही. दोघांचेही खरे असू शकते. मावशींच्या पत्र्याच्या दोन खोल्या, नळ सामायिक, उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी येईल याचा नेम नाही. अशा घरात रोप नेऊन ते मेमध्ये डोळ्यांदेखत वाळताना पाहायचे, यापेक्षा ते इथेच जगेल असा विचार त्यांनी केला असेल. परंतु रात्री जाग आली की वाटते, त्यांना ती अर्धी घागर ठाऊक होती. तू कधी बोलली होतीस का त्यांच्याजवळ? बोलली असशील तर मी रागावणार नाही. मला फक्त ठाऊक असायला हवे, कारण त्यावर माझे त्यांच्याकडे जाणे अवलंबून आहे. त्यांना ठाऊक असेल तर मला नऊ वर्षांची क्षमा मागायची आहे. ठाऊक नसेल तर आधी सांगायचे आहे आणि मग मागायची आहे.

झाड जगवले याचे मला आजही वाईट वाटत नाही, हे तुला स्पष्ट लिहिते, तू पुन्हा अकरा दिवस बोलली नाहीस तरी चालेल.

एक गोष्ट मनात आहे. मावशींचा पत्रा पंचवीस चौरस मीटरचा तरी असेल. वीस मिलीमीटरची एक चांगली सर पडली तर त्यावरून पाचशे लिटर पाणी उतरते, आणि आज ते सगळे गटारात जाते. कडेला पन्हळ लावून, पहिल्या पावसाचे धूळपाणी सोडून द्यायला आडवा पाइप ठेवून, खाली पाचशे लिटरची झाकणाची टाकी बसवली तर भांडी-कपडे आणि दोन झाडे यांची सोय होईल. आमचा प्लंबर मेपर्यंत करून देतो म्हणाला आहे. परंतु असे काही घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले तर त्यांना ती घागरीची परतफेड वाटेल, आणि त्या माणसाने घागर परत मिळावी म्हणून दिली नव्हती. तू असतीस तर नेमके काय बोलायचे ते सांगितले असतेस. तुला मावशींशी बोलायचे जमते, मला त्यांच्यासमोर शब्द सुचत नाहीत.

तुझ्या नातवाच्या बारशाला येता आले नाही. फोटो पाहिले, कपाळ अगदी तुझ्या वडिलांचे आहे. पुण्याच्या नव्या घराच्या गॅलरीत ऊन किती वेळ येते ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे रोपे बांधून ठेवते. भावजींना नमस्कार.

पाडव्याला चार दिवस ये. मावशींकडे मला तुझ्याबरोबर जायचे आहे, एकटीने धीर होत नाही. तोवर त्यांचे रोप मी बागेत नेलेले नाही, कट्ट्यावरच ठेवले आहे, आणि सकाळी तांब्याभर पाणी घालते तेव्हा समोरचे दार उघडे असते.

तुझीच,
लातूरची