मोच्याचे बदललेले शब्द

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गुडघ्याचे दुखणे उतारावर आहे हे वाचून बरे वाटले. घरच्या गोष्टी आपण फोनवर बोलूच. पण एक गोष्ट मला लिहूनच कळवायची होती, कारण चाळीस वर्षांपूर्वी तू काढलेल्या एका शंकेचे उत्तर मला आता मिळाले आहे.

कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या खेळाला आपण दोघींनी ‘बेबी फेस’ हा १९३३ सालचा वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट पाहिला होता, तो तुला आठवत असेल. बार्बरा स्टॅनविक त्यात लिली पॉवर्स झाली होती. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी या धुराने काळवंडलेल्या गावात, दारूबंदीच्या काळात चोरून चालवलेल्या गुत्त्यावर बाप तिला गिऱ्हाइकांपुढे उभी करतो. बापाच्या मृत्यूनंतर ती न्यूयॉर्कला येते आणि एका बँकेत खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत एकेका पुरुषाच्या आधाराने चढत जाते. कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एकेका खिडकीवरून वर सरकत जायचा, ते मी कधीच विसरले नाही. परतताना बसथांब्यावर तू म्हणालीस की, ईरीत लिलीला सल्ला देणाऱ्या त्या म्हाताऱ्या मोच्याचे बोलणे त्याचे स्वतःचे वाटत नाही. सत्तेचा विचार मांडणारा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वाचणारा माणूस या मुलीला योग्य मार्ग कोणता आणि अयोग्य कोणता, हे शाळामास्तरासारखे कशाला सांगत बसेल? मी त्या वेळी तुझे म्हणणे उडवून लावले होते.

सुनंदा, तुझेच खरे होते. २००४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ओहायोतील डेटन येथल्या साठ्यातून या चित्रपटाची दुसरी निगेटिव्ह बाहेर निघाली. ती माहीत असलेल्या प्रतीपेक्षा लांबीने जास्त भरली, आणि न्यूयॉर्क राज्याच्या सेन्सॉर मंडळाने नापसंत करण्यापूर्वीचा मूळ चित्रपट तिच्यात जसाच्या तसा होता. त्याच वर्षी लंडनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. मी तो अलीकडे दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा वही घेऊन बसले होते.

मूळ प्रतीत मोची लिलीला सांगतो की, तुझ्यात पुरुषांवर चालणारी सत्ता आहे. तू त्यांचा वापर कर, त्यांना तुझा वापर करू देऊ नकोस. गुलाम होऊ नकोस, मालकीण हो. हे ऐकायला कठोर आहे, आणि मला ते आजही पटत नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडी ते शोभते, आणि त्या मुलीला त्या गावातून उठून जाण्याचे बळ त्यातूनच येते. सेन्सॉरसाठी त्याच जागी योग्य-अयोग्य मार्गाचा नवा उपदेश भरला गेला. मूळ प्रतीत लिली बापाला तोंडावर सांगते की, मी अशी झाले याला तूच जबाबदार आहेस, मी चौदा वर्षांची असल्यापासून तू मला हेच दिलेस. हे बोलणे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मालगाडीच्या डब्यातून फुकट प्रवास करताना रेल्वेचा माणूस पकडतो आणि लिली त्याच्याशी सौदा करते, तो प्रसंगही काढला होता. शेवट तर चक्क शिवून जोडला होता: लिली आणि तिचा नवरा सगळा पैसा बँकेला देऊन पोलादाच्या कारखान्याच्या गावात कष्टाने दिवस काढत आहेत, हे बँकेचे संचालक आपल्याला सांगतात. मूळ चित्रपट रुग्णवाहिकेतच संपतो. स्वतःवर गोळी झाडून घेतलेला नवरा समोर पडलेला आहे आणि दागिन्यांची पेटी तिच्या हातून सुटून उघडी पडली आहे.

आता तू नीट पाहा, काय गेले आणि काय राहिले. लिलीचे पुरुष राहिले, तिचे उंची कपडे राहिले, एकाला सोडून दुसऱ्याकडे जाणेही राहिले. बाप, सौदा आणि मोच्याचे शब्द यांतून कळणारी तिची कारणे तेवढी गेली. मला वाटते, सेन्सॉरच्या कात्रीला लाज शरीराची नव्हती. या बाईला असे का वागावे लागले, हे कळल्यावर प्रेक्षक तिच्या बाजूला जाईल, याची त्या कात्रीला भीती होती. हे मी माझ्या पदरचे लिहीत नाही. १९३० साली कॅथलिक धर्मगुरू डॅनियल लॉर्ड आणि चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकाचे मालक मार्टिन क्विग्ली यांनी लिहिलेली आणि विल हेज यांच्या, हॉलिवुडच्या कंपन्यांच्या संघटनेने स्वीकारलेली चित्रपटांच्या नीतीची संहिता स्पष्ट सांगते की, प्रेक्षकाची सहानुभूती कधीही पापाच्या बाजूला झुकता कामा नये.

संहिता १९३०ची असली तरी चार वर्षे ती फारशी कोणी पाळली नाही. मंदीने चित्रपटगृहे ओस पडत होती आणि कंपन्यांना गिऱ्हाईक हवे होते. त्या चार वर्षांत ज्या बायका पडद्यावर आल्या, त्यांच्यावर माझा जीव आहे. ‘द डिव्होर्सी’ (१९३०) मधली नॉर्मा शिअरर घे. नवऱ्याचे बाहेर लफडे असल्याचे तिला कळते तेव्हा तो म्हणतो, त्याला काही अर्थ नव्हता. तीही तेच करते आणि त्याला सांगते की, आपला हिशेब मी चुकता केला. मग मात्र त्याला सगळ्याचाच अर्थ दिसू लागतो! या भूमिकेसाठी नॉर्माला ऑस्कर मिळाले. ‘रेड-हेडेड वुमन’ (१९३२) मधली जीन हार्लो तर दुसऱ्याचा संसार मोडूनही शेवटी शिक्षा न होता सुटते. हा चित्रपट मला मनापासून आवडला नाही, कारण त्यात त्या दुसऱ्या बाईच्या दुःखाला फारशी जागा नाही. परंतु तो कापून सोज्ज्वळ केला असता तर तिला जागा मिळाली असती, असेही नाही.

१९३४च्या जुलैपासून ही संहिता पाळली जाते का हे पाहणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचा शिक्का नसलेला चित्रपट दाखवणाऱ्याला २५,००० डॉलरचा दंड ठरला, आणि जुने चित्रपट पुन्हा लावायचे तर काटछाट करून किंवा मुळीच नाही, अशी स्थिती झाली.

आपल्याकडे तर ही चार वर्षांची मोकळीकही नव्हती. १९१८च्या कायद्यानुसार १९२०पासून मुंबईत सेन्सॉर मंडळ बसले होते, आणि हॉलिवुडच्या चित्रपटांतली गोरी बाई पाहून हिंदी माणसाच्या मनातला गोऱ्यांचा दरारा कमी होईल, ही तेव्हाच्या राज्यकर्त्यांची मोठी काळजी होती. म्हणजे इथेही बाईचे पदरच मोजले जात होते, आणि मोजणारे तिच्या लाजेचा नव्हे, स्वतःच्या राज्याचा विचार करत होते.

एक गोष्ट राहिली. लिलीबरोबर तिची मैत्रीण आणि मोलकरीण चिको असते, ती तुला आठवते का? थेरेसा हॅरिस या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ते काम केले आहे. तिला काढून टाक, असे लिलीला सुचवले जाते, तेव्हा ती ठाम नकार देते. इतक्या माणसांना सोडून जाणारी ही बाई चिकोला मात्र शेवटपर्यंत सोडत नाही. हे मला कॉलेजात दिसलेच नव्हते. तुझ्या नजरेतून ते सुटले नसेल, अशी मला खात्री वाटते, म्हणून मुद्दाम विचारते.

दिवाळीनंतर गुडघा साथ देऊ लागला की चार दिवस इकडे ये. दोन्ही प्रती मी मिळवून ठेवल्या आहेत. आधी कापलेली पाहू, मग मूळची, आणि मोची बोलू लागला की मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

तुझी,
वसुधा