उपाध्यक्षाचा उमेदवार आणि सिनेटमधल्या दोन जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार जाहीर करतो, तेव्हा त्याचे वय, धर्म, शिक्षण आणि तो कुठल्या राज्यातली मते आणेल, एवढे आपल्याकडे छापून येते. राजधानी वॉशिंग्टन डीसी किंवा कॅरिबियनमधला अमेरिकी प्रदेश पोर्टो रिको यांना राज्याचा दर्जा देण्याची बातमी येते ती वेगळ्या दिवशी, आतल्या पानावर. हे दोन्ही विषय एकाच हिशेबातले आहेत. तो हिशेब वाचकांपुढे यावा, म्हणून हे पत्र.

घटनेने उपाध्यक्षाला नेमून दिलेले काम मुख्यतः एकच आहे, सिनेटचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, सभापतिपद. एरवी त्याला मत नसते. बरोबरी झाली तरच तो मत देतो. आणि नवे राज्य आले की, लोकसंख्या कितीही असो, सिनेटमध्ये दोन जागा वाढतात. २०२१ मध्ये सिनेट ५०-५० असे विभागले गेले तेव्हा उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मतावर कितीतरी नेमणुका आणि विधेयके तरली. चार वर्षांत त्यांनी ३३ वेळा बरोबरी फोडली आणि तेव्हाचे उपाध्यक्ष जॉन कॅलहून यांचा जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा ३१ चा विक्रम मागे टाकला. सिनेटमध्ये आणखी एक राज्य असते, तर हा आकडा बराच वेगळा दिसला असता.

जुनी उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. मे १८४४ मध्ये बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, ते टेक्सासच्या वादाच्या छायेत. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन त्याला तूर्त संघराज्यात घेण्याच्या विरोधात होते. पहिल्या फेरीत त्यांना बहुमत मिळाले, पण पक्षाच्या नियमाप्रमाणे लागणारी दोन तृतीयांश मते मिळेनात. अखेर नवव्या फेरीत टेक्सासवादी जेम्स पोक निवडले गेले. दुखावलेल्या गटाची समजूत काढण्यासाठी उपाध्यक्षपदाला व्हॅन ब्युरेन यांचे निकटवर्ती सिनेटर सायलस राइट यांचे नाव ठरले. राइट होते वॉशिंग्टनला. मोर्स यांच्या तारायंत्राचे औपचारिक उद्घाटन अधिवेशनाच्या तीनच दिवस आधी झाले होते. तारेने विचारणा गेली आणि तारेनेच नकार आला. प्रतिनिधींचा त्या यंत्रावर भरवसा बसेना. माणसे वॉशिंग्टनला धाडून खात्री करून घेतली आणि मगच जॉर्ज डॅलस यांना उमेदवारी दिली.

पुढे टेक्सासचा तह सिनेटने फेटाळला, कारण तहाला दोन तृतीयांश मते लागतात. म्हणून तोच विषय संयुक्त ठरावाच्या रूपाने आणला गेला, त्याला साधे बहुमत पुरते. फेब्रुवारी १८४५ मध्ये तो सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. तेव्हाचे अध्यक्ष जॉन टायलर हे हॅरिसन यांच्या निधनामुळे उपाध्यक्षाचे अध्यक्ष झालेले. त्यामुळे उपाध्यक्षपद रिकामे होते. एक मत फिरले असते तर २६-२६ झाले असते, बरोबरी फोडायला कोणीच नव्हते, आणि बरोबरीत ठराव पडतो.

१८६४ मध्ये हे दोन्ही धागे एकाच मोसमात आले. जूनच्या अधिवेशनात लिंकन यांच्या जोडीला असलेले उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन वगळले गेले आणि टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन आले. यादवी युद्धात फुटून निघालेल्या राज्यांतल्या सिनेटरांपैकी जागा न सोडणारे ते एकटेच. दुसरीकडे नेवाडाला निवडणुकीआधी राज्य करण्याची घाई चालली होती. नेवाडाच्या राज्यघटनेच्या प्रमाणित प्रती खुष्कीने आणि समुद्रमार्गे निघाल्या होत्या, पण त्या वेळेत पोचेनात. तेव्हा गव्हर्नर नाय यांनी सोळा हजारांहून अधिक शब्दांची अख्खी घटना तारेने पाठवली. कार्सन सिटीहून थेट वॉशिंग्टनपर्यंत तार नव्हती, म्हणून सॉल्ट लेक सिटी, शिकागो, फिलाडेल्फिया अशा टप्प्यांवर ती पुन्हा पुन्हा उतरवून घेऊन पुढे पाठवावी लागली. खर्च आला ४,३०३ डॉलर २७ सेंट. ३१ ऑक्टोबरला नेवाडा राज्य झाले आणि ८ नोव्हेंबरला मतदान.

लिंकन यांच्या हत्येनंतर तोच जोडीदार अध्यक्ष झाला. जॉन्सन यांनी नेब्रास्काला राज्य करण्याच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. वंशावरून मताधिकार नाकारू नये ही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, घातलेली अट त्यांना मान्य नव्हती. काँग्रेसने तो दोन तृतीयांश मतांनी मोडून काढला आणि १ मार्च १८६७ रोजी नेब्रास्का राज्य झाले. पुढच्याच वर्षी जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हा नेब्रास्काच्या दोन्ही सिनेटरांनी ‘दोषी’ असे मत दिले. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मते लागत होती. मते पडली ३५ विरुद्ध १९, म्हणजे एका मताने ते वाचले. कोलोरॅडोचे विधेयकही जॉन्सन यांनी अडवले होते. त्याला १८७६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी लोकांचे मतदान घ्यायला वेळ नव्हता म्हणून तिथल्या विधिमंडळानेच तीन इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे राज्याचे प्रतिनिधी, निवडले आणि अध्यक्षपदाचे उमेदवार हेज १८५-१८४ असे जिंकले.

आता आजचे. नवे राज्य करायला घटनादुरुस्ती लागत नाही. दोन्ही सभागृहांत साधे बहुमत आणि अध्यक्षांची सही पुरते. अडते ते सिनेटच्या फिलिबस्टरपाशी, कारण चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मते लागतात. डीसीचे विधेयक प्रतिनिधिगृहात २०२० मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये संमत झाले, सिनेटमध्ये त्यावर मतदान झाले नाही. डीसीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६,८९,५४५, वायोमिंग राज्याची ५,७६,८५१. तरी एक गाठ सुटायची आहे. १९६१ च्या तेविसाव्या दुरुस्तीने राजधानीच्या क्षेत्राला इलेक्टर दिले आहेत. व्हाइट हाउस, कॅपिटॉल एवढाच तुकडा केंद्राकडे ठेवून बाकीचे राज्य केले, तर जवळजवळ मतदारच नसलेल्या त्या तुकड्याकडे तीन इलेक्टर राहतात. ती दुरुस्ती रद्द करायला तीन चतुर्थांश राज्ये लागतील.

आपल्या चर्चेत विदर्भाशी तुलना हटकून होते, म्हणून फरक नोंदवतो. आपल्याकडे कलम ३ नुसार संबंधित विधानसभेचे मत फक्त मागवायचे असते. अमेरिकेत एका राज्यातून दुसरे काढायचे तर त्या विधिमंडळाची संमतीच लागते. शिवाय राज्यसभेत जागा लोकसंख्येच्या बेताने आहेत, महाराष्ट्राला १९ तर गोव्याला एक. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशाच्या १८ जागांची ११ आणि ७ अशी वाटणी झाली, राज्यसभेची बेरीज तेवढीच राहिली. १८८९ मध्ये डकोटा एकच राज्य म्हणून आले असते तर दोन सिनेटर मिळाले असते. उत्तर-दक्षिण असे तुकडे होऊन आले, म्हणून चार मिळाले.

‘दोघे उमेदवार एकाच राज्याचे असू शकत नाहीत’ असे वाक्यही अनेकदा वाचायला मिळते. ते चूक आहे. बाराव्या दुरुस्तीप्रमाणे बंधन इलेक्टरांवर आहे: आपल्याच राज्याच्या दोघांना त्यांना मत देता येत नाही. टेक्सासचेच असलेल्या जॉर्ज बुश यांचे जोडीदार, टेक्सासमध्ये राहणारे डिक चेनी यांनी जुलै २००० मध्ये मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली ती यासाठीच. बुश २७१ मतांवर जिंकले. टेक्सासची ३२ उपाध्यक्षपदासाठी चेनींना मिळाली नसती, तर त्यांना बहुमत उरले नसते.

पुढच्या निवडणुकीत जोडीदाराच्या छायाचित्राशेजारी एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती: सिनेटमधले सध्याचे बलाबल, त्या वर्षी मतदान होणाऱ्या जागा, आणि राज्याच्या दर्जाबद्दल त्या उमेदवाराने आजवर दिलेली मते. फक्त ‘नवे राज्य अमक्या पक्षाचे’ असे त्यात लिहू नये. १९५९ मध्ये अलास्का डेमोक्रॅटांचे आणि हवाई रिपब्लिकनांचे होईल, असे धरून दोन्ही राज्ये केली गेली. आज नेमके उलटे आहे.

आपला,
एक वाचक, पुणे