रुमाल पडला होता का?

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया,
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय संज्या,

सोबत एक चिठ्ठी आहे. पेट्रोल पंपाच्या पावतीसारखी दिसते म्हणून टाकून देऊ नकोस. आधी पत्र वाच, मग ती. तुला झेरॉक्स पाठवलीय, मूळ माझ्याकडे. मूळ तुझ्या हाती पडली तर तू ती फ्रेम करून दुकानात गल्ल्यामागे लावशील, तुझ्या वडिलांच्या फोटोशेजारी.

दीड वर्षात तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. मुक्ताचं ठरल्याचं कळलं तेव्हाही व्हॉट्सॲपवर एक अंगठा टाकून मोकळा झालो. नंतर लाज वाटली, पण लाज वाटली की माणूस आणखीच गप्प बसतो. तुझी सकाळ ती माझी रात्र हे कारण मी २००१ पासून वापरतोय, ते आता झिजलंय. इथे सगळे बरे. मला बीपीची गोळी सुरू झालीय, मेधाने जेवणातलं मीठ कमी केलंय. बास.

तर, काल मी ड्रॅग स्ट्रिपवर गाडी पळवली. पाव मैल, सरळ रेषेत, शेजारच्या पट्ट्यात दुसरा गडी. गाडी कुठली? आमची रोजचीच. २०१४ची होंडा अकॉर्ड, एक लाख बारा हजार मैल झालेली, मागच्या सीटवर अजून चिवड्याचे शेंगदाणे सापडतात ती. हस. तुझं हसून झालं की पुढे वाच.

मुळात हे सुरू झालं अथर्वमुळे. कार्टं सतरा वर्षांचं, लायसन मिळून आठ महिने झालेले. जुलैत त्याला पोलिसांनी थांबवलं, ताशी ४५ मैलांची हद्द असलेल्या रस्त्यावर ७८. बरोबर कोणी नव्हतं, रस्ता मोकळा होता, दारू नाही, काही नाही. विचारलं तर म्हणतो, "गाडी किती जाते ते बघत होतो." संज्या, हे वाक्य मी कुठेतरी ऐकलेलं होतं. कुठे, ते तुला सांगायला नको. मी तोंड उघडलं झापायला आणि डोळ्यापुढे हरिपूरचा रस्ता आला. आवाजच फुटेना. मेधा म्हणाली, "तू कधी असले उद्योग केलेस का?" आणि मी म्हणालो, "छे."

हे "छे" लक्षात ठेव, पुढे तुझ्याशी संबंध आहे.

मग मी दोन रात्री जागून बरंच काय काय वाचलं. त्यात कळलं की इथल्या पोरांना ही खाज फार जुनी. महायुद्धानंतर ती जुन्या फोर्ड गाड्या घेऊन रस्त्यांवर शर्यती लावायची आणि मरायची. १९५० साली सांता आनाला विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१मध्ये वॉली पार्क्स नावाच्या माणसाने संघटनाच काढली, एनएचआरए. म्हणजे पळवायचीच आहे ना, मग इथे या, कोणी आडवं येणार नाही, पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी आहे. आपल्याकडेही आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या, पण आपलं वय होतं तेव्हा आपल्याला कोण धावपट्टी देणार होतं? कवलापूरची धावपट्टी तू एकदा सुचवली होतीस, आठवतंय. शिऱ्याने तुला वेड्यात काढलं होतं.

इथून साठेक मैलांवर सोनोमाचा ट्रॅक आहे. बुधवारी संध्याकाळी तो कोणालाही उघडा असतो: गाडी आणा, तपासून घ्या, पळवा. अठराच्या आतल्या पोराला आईबापाची सही लागते. मेधाची अट एकच, आधी तू चालवायचीस, मग तो. आणि हेल्मेट. खरं तर नियमाने १४ सेकंदांच्या आत जाणाऱ्या गाडीलाच हेल्मेट सक्तीचं, आणि आमची अकॉर्ड माझ्या हातून तिथे पोचणार नाही हे मला, गाडीला आणि अथर्वला माहीत होतं. पण विकत आणलं. सांगलीत आपण हेल्मेट आरशाला अडकवून फिरायचो, इथे ते घालून मी चौदा सेकंद बसणार.

तयारीला तीन शनिवार-रविवार गेले, आणि खरं सांगू, सगळ्यात मजा तिथेच आली. मला वाटलं होतं इंजिनाचं काहीतरी करावं लागेल. काही नाही. सगळं काम घाबरट गृहिणीसारखं, झाकणं घट्ट आहेत का, काही सांडतंय का. टायमिंग बेल्ट गेल्याच वर्षी बदललेला, ती चिंता नव्हती. ट्रान्समिशनचं तेल आम्ही दोघांनी घरीच बदललं, काळं कुळकुळीत निघालं, तुझ्या हॉस्टेलच्या चहासारखं. ब्रेकचे पॅड बघितले, कारण पळवणं एकवेळ सोपं, शंभरच्या आसपास मैलांवरून ती थांबवायची असते. चाकांचे नट टॉर्क रेंचने ८० पौंड-फुटांवर आवळले. अथर्वने टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला मला शिकवलं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं मी त्या टायरवर फिरतोय आणि टायरवर त्याची जन्मतारीख लिहिलेली असते हे मला पोराने सांगावं! पुढचे दोन बदलले. आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढते, सगळा जोर तिथेच.

बॅटरीचा किस्सा ऐक. तपासनीस पहिल्यांदा बॅटरी हलवून बघतात असं वाचलं, म्हणून बॉनेट उघडून मीही हलवली, तर ती माझ्या हातात नाचायला लागली. वरच्या पट्टीचा एक नट कधीचा पडून गेलेला. मी सवयीने म्हणालो, "थांब, बांधून टाकू," आणि गॅरेजमध्ये दोरी शोधायला लागलो. तुझ्या काकांच्या पद्मिनीची बॅटरी सायकलच्या ट्यूबने बांधलेली असायची ना? त्यात आपण नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, कुठे काय झालं? अथर्व माझ्याकडे असा बघत राहिला की मी मुकाट्याने दुकानात जाऊन पावणेदोन डॉलरचा नट आणला.

मग डिकी. आत सुटं काही राहता कामा नये, असा नियम. नुकतेच गणपती झालेले, तेव्हा मंडळाची समई, दोन सतरंज्या, ढोलाच्या काठ्या, एक डग्गा (तबला कुठे आहे देव जाणे), अथर्वची बॅट, पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणि मेधाच्या आईने दिलेलं मेतकुटाचं डबडं, ज्यावर मेधाच्या अक्षरात २०२२ लिहिलंय. स्टेपनी आणि जॅकही काढला, तेवढंच वजन कमी. सगळं गॅरेजमध्ये मांडलं तर संसार थाटल्यासारखं दिसत होतं. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र डबल टेपने चिकटवलेला. तो काढायचा का, यावर बापलेकाची चर्चा झाली. ठेवला. तपासणाऱ्या म्हाताऱ्याने बोटाने ढकलून बघितला, हलला नाही, आणि फॉर्मवर बरोबरची खूण केली. बाप्पा टेक्निकल इन्स्पेक्शनमध्ये पास.

विम्याचं मात्र तुला सांगतो, मेधाला नाही. ट्रॅकवर काही झालं तर पॉलिसी हात वर करते. ते मी वाचलं आणि पान मिटवलं.

काल तीनला निघालो, पोचायला सव्वादोन तास. तिथे काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने नंबर घालतात, ४१७. पुढच्या टायरमधली हवा चार पॉइंट कमी केली, पकड यावी म्हणून. एसी बंद, कारण त्याचं पाणी सुरुवातीच्या रेषेवर ठिबकलं तर मागच्याच्या जिवाशी खेळ. पेट्रोल पाव टाकी. आणि मी, सतरा वर्षांच्या पोराचा बाप, रांगेत हेल्मेट घालून घामाने निथळतोय. पुढे रुंद टायरवाल्या गाड्या, रेषेअलीकडे पाण्याचं डबकं केलेलं असतं त्यात चाकं फिरवून धूर काढत होत्या. अथर्वने दहादा बजावलं होतं, "बाबा, आपले साधे टायर, डबक्याला वळसा घालायचा." मी वळसा घातला का? नाही. पुढचा जिथून गेला तिथून गेलो, लग्नाच्या पंगतीत पुढच्याने घेतलं ते आपण घ्यावं तसा. टायरच्या खाचांत पाणी, ते घेऊन रेषेवर. हिरवा लागला, पाय दाबला, चाकं जागेवर किंचाळली आणि गाडी पुढे जायला तयार नाही. १५.४ सेकंद. बाजूच्या कठड्यापाशी पोरगा डोकं धरून उभा.

आता मुख्य. दुसरी फेरी. शेजारी एक जुनी फोर्ड पिकअप, मागे शिडीचा स्टँड लावलेली, बहुतेक रंगाऱ्याची. चालवणारा आपल्याच वयाचा, त्याने हात केला, मी केला. समोर खांबावर दिवे असतात. वर दोन बारके, तुमचं चाक रेषेवरच्या किरणात आलं की लागतात. मग तीन पिवळे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकाखाली एक, मग हिरवा. जाणकार शेवटच्या पिवळ्यालाच सुटतात. मी हिरव्याची वाट पाहिली. हिरवा लागला. मी म्हणालो, लागला. मग पाय दाबला.

पिकअप केव्हाच गेली होती. मी तिच्या मागे लागलो, सगळा पाव मैल ती जवळ जवळ येत होती, आणखी थोडा रस्ता असता तर खाल्ली असती. ती पहिली गेली. मी दोन गाड्यांच्या अंतराने मागे.

परतीच्या रस्त्यावर टपरीसारखी खिडकी आहे, तिथे चिठ्ठी देतात. आता ती हातात घे. उजवीकडचा रकाना माझा. सगळ्यात वर बघ रिॲक्शन, म्हणजे हिरवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंत गेलेले सेकंद: माझं १.१४२. त्याचं ०.२११. आणि खाली, पाव मैलाचा वेळ: माझा १४.६२. त्याचा १५.३१.

परत वाच. माझी गाडी जलद आणि मी हरलो.

कारण पाव मैलाचं घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही, तुझं चाक रेषेवरून हललं की सुरू होतं. तू हिरव्यात चहा पिऊन निघालास तरी चिठ्ठीवरचा वेळ चांगलाच येणार, फक्त पलीकडचा घरी पोचलेला असणार. याला ते लोक होलशॉट म्हणतात. मी चिठ्ठी घेऊन गाडीत बसून राहिलो, मागचा हॉर्न वाजवत होता, आणि मला १९९४चा हरिपूरचा रस्ता दिसत होता. माझी आरएक्स १००, तुझी ती सीडी १००, दुधवाल्याची गाडी. तीस वर्षं मी म्हणतोय, माझी गाडी जास्त पळत होती. तीस वर्षं तू म्हणतोस, बाळ्या, तू झोपला होतास. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, माझ्या बापाच्या तेराव्याला पण तू हे काढलंस. आणि मी दर वेळी म्हणालो की रुमाल पडायच्या आधी तू सुटलास.

लेका, दोघंही बरोबर होतो. हे लिहायला मला एक अख्खी रात्र लागली.

पन्नास रुपये आणि भडंगाची पैज होती ना? मुक्ताच्या लग्नात देतो. व्याज मागू नकोस.

पण यावर नुसतं हसून झालं असतं तर मी फोनच केला असता. तिसऱ्या फेरीत मी जरा सुधारलो, ते जाऊ दे. नऊच्या सुमाराला अथर्वचा नंबर आला, रांगा इतक्या की त्याला एकच फेरी मिळाली. मी कठड्यापाशी उभा. त्याने डबक्याला नीट वळसा घातला, दोन बारके दिवे लावले, आणि शेवटच्या पिवळ्याला सुटला. ०.३०४. सुरुवात तुझी, संज्या, माझी नाही. लाल दिवे लांब जाताना मी बघत होतो आणि पोटात जे झालं ते अभिमान होता की भीती, हे मला अजून कळलेलं नाही. परत आला तेव्हा हेल्मेट काढायला विसरला होता. बोलताच येत नव्हतं त्याला. हात थरथरत होते. तसे हात मी आधी एकाचेच पाहिलेत, आणि तूही.

त्याला शिऱ्याचं मी सांगितलेलं नाही. जाताना सव्वादोन तास, येताना दीड तास, गाडीत आम्ही दोघंच. तोंडावर आलं होतं. येताना गाडी त्यालाच दिली होती. ३७ नंबरचा रस्ता, एका बाजूला खाडीचा काळोख, ५५ची हद्द, आणि तो बरोबर ५५ने चालवत होता. मी सारखा काट्याकडे बघत होतो. ५५, ५५, ५६, ५५. वालेहोच्या अलीकडे म्हणाला, "बाबा, पुढच्या बुधवारी?" मी म्हणालो, बघू. खाज जिरवायला नेलं होतं की लावायला, तूच सांग. वॉली पार्क्स म्हणाला असता जिरते. पण त्याला शिऱ्या माहीत नव्हता. बापूसाहेबांनी शिऱ्याला ती गाडी घेऊन दिली तेव्हा त्यांनाही वाटलं असेल, डोळ्यांसमोर राहील. तू दोन मुली वाढवल्यास, तुझं डोकं माझ्याआधी चालायचं, काय ते स्पष्ट लिही. "वय आहे, होईल शांत" असलं लिहू नकोस, ते मला इथेही कोणीही सांगतं.

तुझं दुकान कसं चाललंय? पुराच्या वेळचं ते मागचं फर्निचर बदललंस का? काकूंचा गुडघा? मुक्ताचा होणारा नवरा पुण्यात असतो म्हणे, चांगलं आहे. रेवतीची बारावी यंदा की पुढच्या वर्षी? वहिनींना नमस्कार. डिसेंबरात आम्ही तिघं येतोय, वीस दिवस, तिकिटं काढली.

आणि म्हणूनच शेवटचं काम. मेधा तुझ्यावर विश्वास ठेवते (का, ते देवालाच ठाऊक). मांडवात कधीतरी ती तुला बाजूला घेऊन विचारणार, "हा कॉलेजात गाडी कशी चालवायचा?" माझं उत्तर तुला माहीत आहे. छे. तेवढंच म्हणायचं. चिठ्ठी तिला दिसता कामा नये. अथर्वने विचारलं तर मात्र काय सांगायचं ते मी तुझ्यावर सोडतो. शिऱ्याचंही. मला जमणार नाही.

फक्त एक खरं सांग. आता ऐकून घेईन. रुमाल पडला होता का?

तुझा,
बाळ्या

ता. क. काचेवरचा ४१७ पुसायचा राहिला. सकाळी मेधा तीच गाडी घेऊन ऑफिसला गेली. सिग्नलला एका पोराने शेजारी गाडी लावून तिच्याकडे बघत इंजिन गुरगुरवलं म्हणे. तिने काय केलं विचारलं तर हसली फक्त. मला आता तिच्याही रिॲक्शनची शंका यायला लागलीय.