दुसरे पान

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय बापू,

सव्वादोन वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, फोनवर बोललो तेव्हाही हवापाण्याच्या पुढे गेलो नाही, आणि आज हे बाड पाठवतो आहे म्हणजे माझे काहीतरी चुकले आहे, हे तू पाकीट फोडण्याआधीच ओळखले असशील. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे. तब्येतीचा विषय इथेच संपवू.

शाळा सुटल्यावर मुलांसाठी भरणाऱ्या आपल्या संध्याकाळच्या वर्गावरची ताई गेल्या सोमवारी सोडून गेली. भांडली नाही की काही बोलली नाही. तालमीच्या माडीची किल्ली आणि खडूंची पेटी खाली वस्तादांच्या खोलीत ठेवून गेली. पेटीत तिने खडूंचे तुकडेसुद्धा रंगांप्रमाणे वेगळे करून ठेवले होते. ती पेटी उघडल्यापासून मला झोप लागत नाही, आणि हे इथे ज्याला सांगावे तो माणूस एकतर म्हणतो, ‘दुसरी मिळेल की’, नाहीतर मला आल्याचा चहा पाजतो. तुला मात्र शिरोलीच्या फाउंड्रीतले ते पंप-केसिंगचे प्रकरण ठाऊक आहे, म्हणून तुला लिहितो.

तू मिशिगनहून पाठवलेला तो तक्ता तुला आठवत असेल. तुझ्या गावापासून तासाभरावर असलेल्या इप्सिलँटीच्या हायस्कोप संस्थेत तयार झालेला, शाळेनंतरच्या कार्यक्रमांचा दर्जा जोखण्याचा. तू त्यासोबत दोन पाने पत्र लिहिले होतेस आणि मी तुला फोनवर सुनावले होते की मुले म्हणजे ओतकाम नव्हे, तुझी क्वालिटी इन्स्पेक्टरची खोड अमेरिकेत जाऊनही सुटली नाही. तू शांतपणे म्हणालास, ‘अरे, तो तक्ता मुलांना मोजतच नाही, मोठ्यांना मोजतो.’ मला त्याचा आणखी राग आला. चाळीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी मोजावे, ही कल्पनाच मला सोसली नाही. तिथून माझी अबोल्याची सव्वादोन वर्षे सुरू झाली. गंगावेशीतल्या त्या मिसळीच्या बिलावरून धरलेल्या अबोल्याच्या मानाने ही फारच झाली, हे मान्य.

तर झाले असे, की गेल्या महिन्यात घसा बसला आणि डॉक्टरांनी आठवडाभर बोलायला बंदी घातली. न बोलता घरी बसणे मला जमणारे नव्हते, म्हणून मी वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसू लागलो, आणि हातांना चाळा हवा म्हणून तुझा तक्ता कपाटातून काढला. वर्ग साडेपाच ते साडेसात. पहिल्या दिवशी हजेरी, प्रार्थना आणि चपला रांगेत लावणे यांत 19 मिनिटे गेली. मग ताईने फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहिली. सगळ्यांनी ती उतरवून घेतली, सहा-सात जणांनी सोडवली आणि उरलेल्यांनी उत्तर फळ्यावर येण्याची वाट पाहिली. मी घड्याळ लावून ते वाट पाहणे मोजले. दोन तासांत ते पाऊण तासाच्या वर भरले. तो वर्ग माझाच होता, बापू. ताई फक्त मी घालून दिलेल्या पद्धतीने तो चालवत होती.

माझ्या शेजारच्या बाकावर बापट कॅम्पातल्या एका मूर्तिकाराचा मुलगा बसतो, सातवीतला. तो दोन्ही तास बाकाखाली शाडूचा उंदीर करत होता. नखाने कान काढले, झाडूच्या काडीने मिशा ओढल्या. त्या दोन तासांत मोठ्या माणसाच्या तोंडून त्याचे नाव दोनदा आले, आणि दोन्ही वेळा त्याच्यापुढचे वाक्य ‘हात धुऊन ये’ हेच होते. वर्ग सुटल्यावर मी पाटीवर लिहून त्याला विचारले, की एक फुटाच्या भरीव मूर्तीला जेवढी माती लागते, त्याच्या किती पट दीड फुटाच्या मूर्तीला लागेल? त्याने विचारसुद्धा केला नाही. ‘तिपटीच्या वर लागते, सर. दीडपट धरली तर छातीपर्यंतसुद्धा पुरत नाही.’ दीडाचा घन तीन पूर्णांक तीन अष्टमांश, हे मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिले. या मुलाला आम्ही दोन वर्षे एकछेद-तीनमध्ये एकछेद-चार मिळवायला लावतो आहोत आणि वहीत शेरा मारतो आहोत, ‘लक्ष नाही’.

त्याची हजेरी शंभर टक्के आहे. इथेच माझे सगळे फसले. देणगीदारांना दर तिमाहीला जो अहवाल जातो त्यात पटावर 42 आणि सरासरी उपस्थिती 39 असे छापलेले असते, आणि ते आकडे खरे आहेत, म्हणून मी वर्ग चांगला चालला आहे असे धरून चाललो. कोणालाही दारातून परत पाठवायचे नाही, हा माझाच हट्ट. अध्यक्ष प्रत्येक भाषणाची सुरुवात शाहू महाराजांच्या 1917 च्या सक्तीच्या मोफत शिक्षणाच्या हुकमापासून करतात, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता हे सांगतात, आणि मग आमच्या पटसंख्येवर येतात. मी अनेकदा त्यांना म्हणावेसे वाटूनही म्हटलेले नाही, की महाराज हुकमाच्या कितीतरी आधी, 1901 सालीच, मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून बसले होते. शाळा सुटल्यावर पोराने बसायचे कुठे, जेवायचे काय, कोणाच्या नजरेखाली वाचायचे, हे त्यांनी आधी पाहिले. नुसती डोकी मोजायची असती तर बोर्डिंगे कशाला काढली असती?

आता ताईचे. सहा दिवस मी तक्ता भरला. मुलांना निवड करता येते का, मोठ्यांच्या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे असू शकतात का, मुले आपसांत मिळून काही करतात का, शेवटी केलेल्या कामाकडे वळून पाहायला वेळ मिळतो का. प्रत्येकापुढे एक, तीन किंवा पाच गुण, एक सर्वांत कमी. मी जवळजवळ सगळीकडे एक लिहिला. शनिवारी वर्ग सुटल्यावर, माडीच्या दारात, ट्यूबलाइटखाली मी तो कागद तिच्या हातात दिला. मला वाटले, मी प्रामाणिकपणे वागतो आहे. तिने तो पूर्ण वाचला, घडी घालून मला परत दिला आणि एवढेच म्हणाली, ‘सर, 42 मुले होती आणि मी एकटी होते.’

हे खरे होते. राष्ट्रीय सेवा योजनेची दोन कॉलेजची मुले तिच्या मदतीला होती, ती वर्षाचे 120 तास भरताच नाहीशी झाली, दरवर्षी होतात तशीच. फुटबॉलचा हंगाम सुरू झाल्याने वरच्या वर्गातली समजूतदार पोरे, जी लहानांना घेऊन बसत, ती मैदानावर. मानधन असे, की त्यात तिचा बसचा पास आणि महिन्याचा चहा निघावा. हे सगळे मला माहीत होते, आणि तरीही मी एक, एक, एक लिहीत गेलो, कारण रकान्यात तिचा वर्ग होता, माझा पट नव्हता.

रविवारी मी तुझे पत्र पुन्हा काढले. बापू, खरे सांगतो, मी सव्वादोन वर्षांपूर्वी पहिलेच पान वाचले होते. पहिल्या पानावर शिकागोच्या ड्युरलॅक आणि वाइसबर्ग या प्राध्यापकांचे ते होते, की शाळेनंतरच्या अनेक कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र करून पाहता ज्यांत कौशल्य पायरीपायरीने शिकवले जाते, मुले हातांनी करतात, त्यासाठी खास वेळ राखलेला असतो आणि काय शिकायचे ते स्पष्ट असते, त्यांचाच मुलांना उपयोग होताना दिसला. बाकीच्यांत तसा फरक दिसला नाही. तिथे मी चिडून पान मिटले. दुसऱ्या पानावर तू ठळक अक्षरांत लिहिले होतेस: ‘हा तक्ता कोणाला नापास करायला वापरू नकोस. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी वर्ग पाहायचा, दिसले ते फक्त लिहायचे, मत लिहायचे नाही, मग वर्ग चालवणाऱ्यासकट सगळ्यांनी एकत्र बसून आकडे ठरवायचे, आणि पुढच्या महिन्यात सुधारायच्या फक्त एक-दोन गोष्टी निवडायच्या. एकट्याने भरून हातात दिलास तर तो रिजेक्शनचा शिक्का होईल.’

ताई सोमवारी गेली.

आता तुला कळले असेल मला ते केसिंग का आठवले. तू त्या मोल्डरच्या, म्हणजे साचे घालणाऱ्याच्या, एका पाळीचा सगळा माल रिजेक्ट केला होतास, ओतकामातली ब्लो होल, म्हणजे हवेची भोके, दाखवून, सगळ्यांसमोर, खडूने फुल्या मारून. त्याची पाळी बदलली, पगार कापला. आणि तीन आठवड्यांनी तुलाच सापडले की वाळूच्या मिक्सरचा पाण्याचा कॉक गळत होता आणि वाळूला ओल जास्त होत होती. त्या वाळूत ब्रह्मदेवाने साचा घातला असता तरी भोकेच पडली असती. तू त्या रात्री रंकाळ्याच्या कठड्यावर बसून काही बोलला नाहीस, आणि मी मूर्खासारखे तुला म्हणालो होतो, ‘तू तुझे काम केलेस.’ परवापासून तेच वाक्य मला इथला प्रत्येक जण ऐकवतो आहे.

एक गोष्ट सांगतो, हसशील. मी तुझ्या तक्त्यात आपल्या थोरल्या वस्तादांना घालून पाहिले. सुरक्षित वातावरणाच्या पहिल्याच घरात ते नापास झाले; ध्यान नसले की पाठीत बसणारा धपाटा तुझ्या अमेरिकेत चालणार नाही. पण पुढे बघ: कुस्तीच्या हौद्यात एकही पोरगा दुसऱ्याची झड चालू असताना नुसता बसून नसे. कोणी माती उकरत असे, कोणी तिच्यात ताक-हळद-तेल मुरवत असे, थोरला धाकट्याला पकड दाखवत असे, आणि लढत झाली की वस्ताद विचारत, ‘कुठे चुकला, तूच सांग.’ त्यांनी आपल्याला स्वतःहून उत्तर दिलेले मला आठवत नाही. ही सगळी घरे पाचाची. मी चाळीस वर्षे शिक्षक राहिलो आणि रोज त्यांच्या डोक्यावरच्या माडीत वर्ग भरवला, पण खालून वर एवढे काही नेले नाही. तू त्या हौद्यात पहिल्या दिवशी रडला होतास, हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

गेल्या आठवड्यापासून मी काही फिरवले आहे, ते तुला लिहितो म्हणजे तू चुका दाखवशील. बँकेतून निवृत्त झालेल्या दोघी बहिणी आणि एक इंजिनिअरिंगचा मुलगा, असे आम्ही चौघे शनिवारी अर्धा तास बसतो. पहिला वर्ग माझाच पाहिला. घसा सुटल्याच्या आनंदात मी तो फार रंगवून घेतला होता. थोरल्या बहिणीने टिपणात लिहिले: ‘सर प्रश्न विचारतात. चार सेकंद थांबतात. उत्तर स्वतः देतात. हे 11 वेळा.’ मी म्हटले, चार सेकंद पुष्कळ झाले. ती म्हणाली, तुम्हाला.

मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवून पाहतो आहोत, ‘असर’ या देशभरातल्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या पाहणीत असतात तशा पायऱ्यांनी: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आठवीतली तीन मुले परिच्छेदापाशी अडली, पहिलीच्या पातळीच्या. त्यांतला एक दोन वर्षे माझ्यापुढे बसून निबंध उतरवून घेत होता आणि त्याचे अक्षर सुंदर आहे म्हणून मी त्याची वही पाहुण्यांना दाखवत असे. शुक्रवारचा तास मुलांनी ठरवायचा आहे. पहिल्या शुक्रवारी त्यांनी अर्धा तास नुसता गोंधळ घातला आणि मग मूर्तिकाराच्या मुलाने सगळ्यांना उंदीर शिकवला.

पण खरी काळजी पुढेच आहे. दोन तुकड्या केल्या तर एका वेळी वीस-एकवीस मुले बसतील, पण प्रत्येकाचे दिवस निम्मे होतील, आणि अहवालातली उपस्थिती कोसळेल. अध्यक्ष म्हणतात, आकडा खाली गेला तर देणगीदाराला काय सांगायचे? मी म्हटले, जे आहे ते सांगू, तक्ताच दाखवू. यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी मंदिरात चपला घालून शिरलो आहे. आणि त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. तूच लिहिले होतेस ना, की तुमच्याकडे 2003 साली सरकारी पाहणीत शाळेनंतरच्या केंद्रांमुळे मुलांच्या अभ्यासात फारसा फरक दिसला नाही, तर केंद्रे सुधारण्याऐवजी एक अब्ज डॉलरचा निधी साठ कोटींवर आणायचा प्रस्ताव निघाला? मोजल्यावर लोक दुरुस्ती करतात की टाळे लावतात, हे मोजणाऱ्याच्या हाती नसते. मला वाटते, तरी मोजले पाहिजे. पण हे वाटणे ताई गेल्यानंतरचे आहे, त्यामुळे त्यावर माझाच पुरता विश्वास नाही.

तुझे विचारायचे राहूनच गेले. सूनबाईंना नोकरी लागल्याचे थोरल्याकडून कळले, अभिनंदन. नातू मराठी बोलतो का? बर्फात गाडी चालवणे आता सोड. वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांच्या हातच्या कटाची आठवण इथे अजून निघते, तेही सांग.

मी उद्या ताईच्या घरी जाणार आहे. ती परत येईल अशी आशा धरलेली नाही. कागद मात्र सोबत नेणार आहे आणि त्यात ‘एका मोठ्या माणसामागे किती मुले’ हा रकाना माझ्या हाताने घालून त्यापुढे माझे नाव लिहिले आहे. दारात उभा राहून पहिले वाक्य काय बोलायचे, ते मात्र तीन दिवसांत जमलेले नाही. मिक्सरचा कॉक सापडल्यावर तू त्या मोल्डरच्या घरी गेला होतास, एवढे मला ठाऊक आहे. तिथे काय बोललास, ते तू मला कधी सांगितले नाहीस आणि मीही विचारले नाही. आता विचारतो. शक्य तर पत्राची वाट न पाहता फोन कर. तुझ्याकडे मध्यरात्र असली तरी कर.

तुझाच,
मास्तर

ता. क. – शाडूचा उंदीर टेबलावर ठेवला आहे. वाळला, पण तडा गेला नाही.